बघू. या.

स्वतःच्या आडनावावर लोकांनी बूट घासावेत म्हणून मुद्दाम ऑर्डर देऊन पायपुसणं करून घेतलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या समोरच्या फ्लॅटमधले साळवेकाका. जाड काथ्याचं पायपुसणं आणि त्यावर रोमन लिपीत, काळ्या ठसठशीत अक्षरांत, ‘साळवे’. कुरिअरवाला त्यावर चिखल पुसतो, कचरा न्यायला येणारी बाई त्यावर बादली टेकवते, आणि काका दारात उभे राहून हसतमुखानं विचारतात, “पढ़ा आपने? क्या लिखा है?”

“आपका नाम लिखा है, अंकल.”

“नहीं जी. ‘आइए’ लिखा है.”

माणूस एकदा काकांकडे बघतो, एकदा पायपुसण्याकडे बघतो आणि लिफ्टकडे सटकतो. नोएडात कुणाला एवढा वेळ असतो?

काका मूळचे नगरचे, मराठी ख्रिस्ती. तरुणपणी दिल्लीत एका मंत्रालयात असिस्टंट म्हणून लागले आणि अंडर सेक्रेटरी होऊन बाहेर पडले. एवढ्या वर्षांत या शहरानं त्यांचं नाव एकदा म्हणून धड घेतलं नाही. कुणी साल्व म्हणायचं, कुणी सालवी. एका साहेबानं तर ‘मिस्टर सॉल्व्ह’ असं बारसं करून जी फाइल कुणाला सुटेना ती यांच्या टेबलावर टाकायची प्रथाच पाडली. काका ती सोडवायचेही. मग वर नाव साहेबाचं.

रिटायर झाल्यावर मोबाइलवर बोटं फिरवता फिरवता त्यांना इटलीतल्या पॉम्पेईचा फोटो सापडला. पॉम्पेई म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेत अख्खंच्या अख्खं गाडलं गेलेलं आणि नंतर उकरून काढलेलं शहर. तिथल्या एका घराच्या उंबरठ्यावर बारीक दगड बसवून लिहिलंय, ‘साल्वे’, रोमन लिपीत काकांच्या आडनावाचंच स्पेलिंग. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘या, नमस्कार’. दारात आलेल्या पाहुण्याला म्हणायचा शब्द.

त्या दिवशी काकांनी आमची बेल अशी वाजवली की मला वाटलं गॅस लीक झाला.

“रेखा, हे वाच! इथं सगळी हयात गेली, एकाला नीट म्हणता आलं नाही. आणि तिथं दगडात लिहून ठेवलंय! आणि अर्थ बघ. ‘या’!”

मी म्हटलं, वा, छान. मला ऑफिसला उशीर होत होता. मला तेव्हा काय माहीत, पुढची काही वर्षं मला या एका उंबरठ्याशिवाय दुसरं काही ऐकायला मिळणार नाही!

आता योगायोग असा, की काकांचा एकुलता एक मुलगा अमोल नोकरीनिमित्त रोमलाच असतो. रोमहून पॉम्पेई म्हणजे सकाळच्या गाडीनं जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. नातू, जोएल, तिकडेच जन्मला. काका-काकूंनी त्याला मांडीवर घेतलंय ते एकदाच, अमोल मेहुण्याच्या लग्नाला आला होता तेव्हा. मुक्काम अर्थातच गुडगावला, सासरी. ‘वहाँ से सब पास पड़ता है.’ नोएडा काय, लांबच की हो. रोमपेक्षाही लांब.

तर काकांनी अमोलला मेसेज टाकला. अमोल सरकारी क्वार्टरांत वाढला, मराठी बोलतो पण हिंदीला मराठीचे कपडे घालून. मराठीत टाइप करायचा कंटाळा म्हणून सगळं रोमन लिपीत. काकांनी विचारलं, आम्ही दोघं तिकडे आलो तर एक दिवस पॉम्पेई बघायचं का? उत्तर आलं, दोन शब्दांचं. ‘बघू या.’

मला दाखवलं तेव्हा मी मनात म्हटलं, झालं. हे तर ‘देखते हैं’. म्हणजे विषय संपला. माझी मुलगी बेंगळुरूला असते, ती मला हेच ‘मम्मी, लेट्स सी’ असं म्हणते, त्यामुळे मला सगळ्या भाषांमधलं ओळखू येतं.

काकांचं वाचन वेगळं होतं. “हे बघ, दोन शब्द आहेत. मध्ये जागा सोडलीय. ‘बघू.’ म्हणजे पॉम्पेई बघू. आणि मग ‘या.’ म्हणजे तुम्ही दोघं या. आईबापाला ‘ये’ थोडंच लिहील? अहो-जाहो करतो तो मला.”

“काका, इंग्रजी अक्षरांत लिहिताना सगळेच कसंही तोडतात.”

“माझा मुलगा आहे तो. नोटिंग-ड्राफ्टिंग रक्तात आहे.” वर त्यांचं ठेवणीतलं वाक्य: “इन-प्रिन्सिपल झालेलं आहे. फक्त तारीख यायचीय.”

हे ‘इन-प्रिन्सिपल’ सोसायटीत इतकं पसरलं, की लिफ्ट बंद पडली की लोक म्हणायला लागले, दुरुस्ती इन-प्रिन्सिपल झालीय, तारीख यायचीय. काकांना टोमणा कळत नसे, किंवा कळून न कळल्यासारखं करत असत. खालच्या मजल्यावरच्या शर्माजींनी विचारलं, “रोम जा रहे हैं? पोप साहब का आशीर्वाद लेंगे?” काका म्हणाले, “हम पोपवाले नहीं हैं, शर्माजी. हम नगरवाले हैं.” शर्माजी अजून विचारतात की नगरला कोण बसतो.

मग तयारी सुरू झाली. पॉम्पेईचे रस्ते मोठमोठ्या ओबडधोबड दगडांचे, चालताना घोटा मुरगळतो, असं त्यांनी कुठंतरी पाहिलं. सराव हवा. आमच्या सेक्टरमधल्या उखडलेल्या फुटपाथचं सोनं करणारा हा पहिला माणूस. फरशा वर आलेल्या, मध्येच गटाराचं झाकण गायब, कुठं खांब, कुठं झोपलेली गाय. लोक रस्त्यावरून चालतात, काका मुद्दाम फुटपाथवरून. पाठीला सॅक, डोक्यावर टोपी, बरोबर काकू कुरकुरत. दिवाळीनंतर हवा धुरकट झाली की घरोघरी खिडक्या बंद होतात. काका मास्क लावून बाहेर. “तिकडं ज्वालामुखी एकदाच फुटला. आपल्याकडे दर वर्षी. आपली प्रॅक्टिस जास्त.”

मला रोज आग्रह. “उद्या येतेस फुटपाथवर?”

“बघू या, काका,” मी म्हणायची आणि दार लावून घ्यायची.

एकदा मात्र मी सापडले. काकांनी ठरवलं, गाडीची रंगीत तालीम व्हायला हवी. पानिपत! दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला पानिपत चुकत नाही. गावाकडून पाहुणे आले की त्यांना तिथं न्यायचं, काला आंब्याच्या स्मारकापाशी त्यांनी डोळे पुसायचे, ‘एक पिढी गेली हो’ म्हणायचं, आणि मग बाजारात जाऊन घासाघीस करून चादरी घ्यायच्या. माझ्या घरी त्या पराभवाच्या सात-आठ चादरी आहेत.

पण काकांचा कार्यक्रम साधा नव्हता. रोमहून नेपल्सपर्यंत मोठी गाडी, तिथं जिना उतरून छोटी लोकल, मग पॉम्पेई. म्हणून आम्हीही मध्ये गाडी बदलायची. सरळ पानिपतला जाणाऱ्या, बसायला जागा मिळालेल्या गाडीतून आम्हाला त्यांनी सोनिपतला उतरवलं.

“हे नेपल्स समजायचं.”

नेपल्सच्या प्लॅटफॉर्मवर मूंगफलीची टरफलं पसरली होती. पुढची गाडी लेट. किती लेट ते कुणी सांगेना. ऊन चढलं. काकूंनी दशम्यांचा डबा उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. शेवटी म्हणाल्या, “अहो, तुमच्या नेपल्सला बाथरूम कुठाय?”

“जिना उतरून उजवीकडे,” काका पाठ केल्यासारखे म्हणाले. मग ओशाळून, “म्हणजे तिकडं. इथं विचारावं लागेल.”

मी चिडले होते, पण काकू हसायला लागल्या तसं मलाही हसू फुटलं. त्या हसण्यातच मी विचारलं, “काका, पॉम्पेई एका दिवसाचं. तुम्ही तर पंधरा दिवसांचं म्हणताय. बाकीचे दिवस काय करणार?”

“घरी बसणार,” ते म्हणाले. “अमोलच्या. जोएलशी बोलणार.”

“त्याला मराठी येतं का?”

“शिकवू की. फिरायला दुसरं काही नको मला. एक दिवस बाहेर काढायचा तो एवढ्यासाठी, की नुसतंच राहायला आलो म्हटलं तर पोरांना ओझं वाटतं. पॉम्पेई बघायला आलो म्हटलं की कारण होतं.”

असं ते अगदी सरळपणानं, दशमी मोडता मोडता म्हणाले. आपल्या पोटच्या पोराच्या घरी जायला या माणसाला ज्वालामुखीची साक्ष काढावी लागते! मी हातातली दशमी परत डब्यात ठेवली. काकू लोणच्याची बाटली घट्ट करत बसल्या. त्यांनी ती नंतर तीन-तीनदा घट्ट केली.

पानिपतला आम्ही पोहोचलोच नाही. नेपल्सहूनच परत आलो.

यानंतर बरेच दिवस तारीख काही आली नाही. काका मधून मधून अमोलला नवी नवी माहिती पाठवत राहिले. छोटी लोकल कुठल्या पाट्या बघत सापडते, स्टेशनसमोरच अवशेषांचं दार कसं आहे, आत सावली नाही म्हणून टोप्या हव्यात, रस्त्यातल्या कारंजांचं पाणी पिता येतं म्हणून बाटल्या रिकाम्या न्याव्यात. अमोलकडून अंगठा यायचा. अंगठा आला की काका म्हणायचे, “नोटेड अँड अप्रूव्ह्ड.”

आणि या मार्चमध्ये एकदम फोन! अमोलचा, आपणहून. “पप्पा, तो तुमचा पॉम्पेईवाला प्लॅन आहे ना, पूरा एकसाथ भेजो ना. कोणत्या ट्रेनने, कुठे उतरायचं, सगळं.”

काकांनी काय करावं? त्यांनी सेक्टरच्या मिठाईवाल्याकडून काजूकतली आणून अख्ख्या मजल्यावर वाटली. शर्माजींना दोन दिल्या. नवे बूट घेतले आणि ते सैल व्हावेत म्हणून घरात घालून फिरायला लागले. काकूंनी जोएलसाठी रव्याचे लाडू करून बघितले, टिकतात का ते. मला म्हणाल्या, “तुझ्या काकांचं ते ‘या’ खरं निघालं गं. मी उगाच वेड्यात काढलं इतके दिवस.” मी पण, मेली, आनंदले. देवाशप्पथ आनंदले. मला वाटलं, बेंगळुरूचंही काही सांगता येत नाही मग.

एप्रिलमधल्या एका दुपारी मी ऑफिसात डबा खात होते. फोनवर अमोलचा फोटो आला. म्हणजे मला नव्हे, सगळ्या जगाला. पॉम्पेई. ओबडधोबड दगडांचा रस्ता, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, हातात बाटल्या. मध्ये जोएल उंबरठ्यावर उभा, काळ्या अक्षरांवर. त्याचा एक हात गुडगावच्या चड्ढाजींच्या हातात, दुसरा मिसेस चड्ढांच्या. म्हणजे अमोलचे सासू-सासरे. खाली अमोलनं इंग्रजीत लिहिलं होतं, ‘आमचं नाव दारावर!’

आमचं! चड्ढांचं नव्हतं हो ते नाव! मी डबा तसाच बंद केला. शेजारच्या टेबलवाली म्हणाली, मॅडम, तब्येत? मी म्हटलं, तब्येतीला काय धाड भरलीय, तब्येत ठीक आहे.

रविवारपर्यंत मला त्यांच्या घरी जायचं धाडस झालं नाही. गेले तेव्हा दार काकूंनी उघडलं. त्या आडवळणानं बोलणाऱ्या नव्हेतच.

“बघितलास ना फोटो? ये आत. रडायला आली असलीस तर चहा ठेवत नाही, रडून झालंय माझं.”

मी म्हटलं, “काकांना कसं कळलं? फोटो बघून?”

“फोटो नंतर. आधी फोन आला. नेपल्सच्या स्टेशनवरून, अमोलचा. म्हणाला, पप्पा, वो छोटीवाली ट्रेन सापडत नाहीये, खाली कुठून जायचं? हे खुर्चीतून उठून उभेच राहिले. आणि मागून आवाज आला, ‘बेटा, पापा से पूछो, टॉयलेट किधर है.’ चड्ढांचा. लग्नात ऐकलाय, विसरण्यासारखा नाही.”

“मग?”

“मग काय? मी यांच्या तोंडाकडे बघत होते. यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. आणि म्हणाले, ‘जिना उतरून उजवीकडे.’ मग लोकलच्या पाट्या सांगितल्या, कुठं उभं राहायचं ते सांगितलं, पाकीट पुढच्या खिशात ठेवा म्हणाले. गाडीत बसेपर्यंत फोन सोडला नाही. ठेवल्यावर मला म्हणाले, ‘चलो, वेळेत पोहोचतील.’ आणि बूट काढून कपाटात ठेवले.”

मला संताप आला. अमोलचा, चड्ढांचा, आणि खरं सांगायचं तर काकांचाही. त्याला चार शब्द सुनवायचे सोडून हा माणूस व्याह्यांना बाथरूम दाखवत बसला! काका गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. मी जाऊन तावातावानं विचारलंच.

“काका, खरं सांगा. ‘बघू या’चा अर्थ तुम्हाला ठाऊक नव्हता?”

ते हसले. “अगं, सरकारी नोकरीत जन्म गेला माझा. लोकांना ‘बघू या’ म्हणून वाटेला लावायचाच पगार मिळायचा मला. मला कळणार नाही?”

“मग एवढी वर्षं काय चाललं होतं?”

“मध्ये जागा सोडली होती ना त्यानं,” ते म्हणाले. “दोन शब्दांच्या मध्ये. तेवढ्यात आम्ही दोघं राहिलो. वाईट नाही गेले दिवस. तुझ्या काकूला विचार, ती सोनिपतला किती हसली होती.”

आतून काकूंनी भांडं जोरात आपटलं. खाली सोसायटीच्या गेटवर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.

मग काकांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. “तुझे डोळे चांगले आहेत. हा फोटो जरा मोठा करून बघ.”

“कशाला काका, जाऊ दे ना.”

“बघ तर. त्या उंबरठ्याला दार आहे का?”

मी दोन बोटांनी फोटो ओढून ओढून मोठा केला. चड्ढाजींचे बूट आले, मिसेस चड्ढांची पर्स आली, जोएलचे मळलेले गुडघे आले. काका गुडघ्यांपाशी जरा थांब म्हणाले, मी थांबले. मग पुढं सरकवलं. मागं अर्ध्या भिंती आणि वर मोकळं आभाळ.

“नाही, काका. दार नाही. नुसता उंबरठा राहिलाय.”

“हां. मलाही तसंच वाटलं होतं.” त्यांनी फोन घेतला आणि शर्टच्या टोकानं काच पुसली. “दार नाही म्हणजे कुणाला लावून घेता येत नाही. म्हणून तर तेच घर बघायचं होतं मला.”

मी उठले. काका नेहमीप्रमाणे मला दारापर्यंत सोडायला आले, वाकून पायपुसणं सरळ केलं, आणि रोजच्याच आवाजात म्हणाले, “उद्या सकाळी फुटपाथवर येतेस?”

‘बघू या’ अगदी ओठांवर आलं होतं.

“येते,” मी म्हटलं.